लाल ठिपक्याचं बटण

माझ्याकडे साबणाच्या डबीएवढी एक काळी डबी आहे. तिच्यातून दहा मीटर लांब वायर निघते आणि चाकांवर ओढून न्यायच्या माझ्या स्पीकरच्या पाठीत जाऊन बसते. डबीवर तीन गोल बटणं आहेत. मोठं बटण सगळ्या आवाजाचं आणि दोन लहान बटणं दोन माइकांची. त्यातल्या एका लहान बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. हा रिमोट आहे असं सांगितलं की लोक हसतात. रिमोट म्हणजे टीव्हीचा नाहीतर पंख्याचा, त्याला शेपूट कशाला? आमच्या शाळेतले एक गुरुजी दर वेळी विचारतात, "बाई, सगळं जग मोबाइलवरून चालतं आणि तुम्ही अजून दाव्याला बांधलेल्याच?" मी म्हणते, मोबाइलवर चालणारं घेतलं असतं तर ऐन कडव्यात तुमचाच फोन आला असता. वायर डोळ्यांना दिसते, हाताला लागते, कुठून निघून कुठे जाते ते कळतं. मला तेवढं पुरतं.

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आणि महाडला राहते. पण माझं गाणं आमच्या बौद्धवाडीतलं आहे. वाडीत आमचा पाच बायकांचा गट आहे. दोन सख्ख्या जावा, एक अंगणवाडीताई, मी आणि माझी आत्या. मी तीन वर्षांची असताना माझी आई गेली. वडील मुंबईला गोदीत कामाला होते. आत्याचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला आणि ती माहेरी परत आली, ती थेट माझ्या वाट्याला आली. तिनेच मला वाढवलं. तिला अक्षरओळख नाही, पण ओवी रचायला अक्षर लागत नाही.

तिची एक ओवी माझ्यावर आहे. मी पहिलीत असताना आम्ही दोघी पोलादपूरच्या स्टँडवर उभ्या होतो. समोर गाडी लागली आणि मी तिच्या कपाळावरची पाटी मोठ्याने वाचली, "म-हा-ड." आत्या माझ्याकडे बघतच राहिली. एवढी बघत राहिली की गाडी निघून गेली आणि आम्ही तासभर पुढच्या गाडीची वाट पाहिली. त्या तासाभरात ओवी झाली.

डोईवरी हंडा माझ्या, वाट लांबच्या झऱ्याची,
लेक माझी वाचिते गो, पाटी महाडच्या गाडीची.

आमचं एक गाणं आहे, पाण्याचं. त्याची चार कडवी आम्ही पाचही जणी म्हणतो, मग सगळ्या थांबतो आणि शेवटी आत्या एकटी ही ओवी म्हणते. शेवटी आहे, हेच त्या ओवीचं दुर्दैव झालं.

कारण आमच्याकडे एक रीत आहे. कार्यक्रम कुठलाही असो, पाहुणे म्हणून येणारे साहेब वेळेवर येत नाहीत. लोक तर येऊन बसलेले असतात. मग समितीतलं कुणीतरी येऊन सांगतं, "ताई, साहेब येईपर्यंत म्हणा." म्हणजे आम्ही गायक नाही, आम्ही भरताड. साहेबांची गाडी वळणावर दिसली की समितीवाला हात वर करतो, साउंडवाला बटण पिळतो आणि आमचा आवाज खाली जातो. आम्ही तोंडं हलवत उभ्या राहतो आणि वरून स्वागताची तुतारी वाजते. साउंडवाल्याला एकदा विचारलं, तसाही आमचा आवाज एवढा बारीक का ठेवता? तो म्हणाला, "बायकांचा आवाज टोचतो हो, ताई." साहेबांचं पाऊण तासाचं भाषण मात्र कुणाला टोचलेलं मी पाहिलं नाही.

किती वर्षं हे सोसलं! पण दोन वर्षांपूर्वी वरंधच्या अलीकडच्या एका गावात माझं डोकं फिरलं. दुपारी चारचा सुमार होता. विहारासमोरचं पटांगण बायकांनी भरलेलं. पटांगणाखाली ओढा आणि ओढ्यापलीकडे डोंगराचा उभा कडा. आम्ही पाण्याचं गाणं धरलं. चार कडवी झाली, आत्याने माइक हातात घेतला, श्वास घेतला आणि "डोईवरी" एवढा एकच शब्द बाहेर गेला. वळणावर गाडी आली होती. आत्याला मात्र पत्ता नव्हता. स्पीकर आमच्या पुढे, तोंड लोकांकडे; मागे उभ्या असलेल्या माणसाला आपला आवाज गेला की राहिला ते नीट कळत नाही. तिने डोळे मिटून अख्खी ओवी म्हटली. डोळे उघडले तर लोक पाठ फिरवून साहेबांना हार घालत होते.

परतीच्या टेम्पोत ती म्हणाली, "माझी ओवी कधी कुणी ऐकलीच नाय गो. मी पण नाय ऐकली. स्पीकरातून कशी येते, काय म्हायती."

त्या क्षणी मी ठरवलं. ही ओवी त्याच पटांगणात, त्याच लोकांपुढे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाजणार. साहेब असोत की साहेबांचे साहेब. आत्या पंचाहत्तरीच्या पुढे गेली होती आणि तिचा गळा दर पावसाळ्यात थोडा थोडा बसत चालला होता, म्हणजे मला फार वेळही नव्हता.

माझ्या नणंदेचा मुलगा मुंबईला असतो. त्याला म्हटलं, मला स्वतःचा स्पीकर पाहिजे, बॅटरीवर चालणारा, आणि त्याचं बटण माझ्या हातात पाहिजे. त्याने शोधून आणला. वीर स्टेशनला मी रिक्षा घेऊन गेले तेव्हा तो खोक्यावर बसून होता. "मामी, वायरवाला रिमोट कायको? ये तो लास्ट पीस है. दुकानदारपण हसला." रिक्षात मागच्या सीटवर स्पीकर बसला आणि आम्ही दोघं त्याच्या कडेला नवरीच्या पाठराखणीसारखे अंग चोरून बसलो.

घरी आल्यावर मी सोबतचं पुस्तक वाचायला घेतलं. बारीक इंग्रजी, पण शिक्षकाला कंटाळा करून चालत नाही. त्यात लिहिलं होतं की रिमोटची पिन लावली की स्पीकरवरची बटणं काम करत नाहीत, सगळा ताबा रिमोटकडे जातो. पिन काढली की ताबा पुन्हा स्पीकरवरच्या बटणांकडे. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि एकटीच मोठ्याने हसले. नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला.

पहिले पंधरा दिवस स्पीकरने नुसत्या शिट्ट्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं आमच्याकडे कुकर बिघडलाय. हळूहळू कळलं की स्पीकर माइकच्या पुढे ठेवायचा, माइक त्याच्यासमोर न्यायचा नाही आणि आवाज वाढवायचा म्हणजे बटण नुसतं उजवीकडे पिळायचं नाही. एका माइकचा आवाज वर काढायचा असेल तर कधी दुसऱ्याचा खाली न्यावा लागतो. हे शिकले आणि मला वाटलं, आता आपल्याला कोण अडवतंय!

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आवडत नाही, पण ते गाळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

सव गावात एका नातेवाइकांकडे बारसं होतं. नवा स्पीकर घेऊन आमचा पहिलाच कार्यक्रम. ना साहेब, ना समिती. डबी माझ्या डाव्या हातात, पदराखाली. मी अंगठ्याने आवाज वर नेत होते, खाली आणत होते, आणि समोरच्या बायका माना डोलवत होत्या. खोटं कशाला बोलू, मला नशा चढली होती. पाण्याचं गाणं आलं. चार कडवी झाली. एक नंबरचा माइक माझ्याकडे, दोन नंबरचा आत्याकडे गेला. तिने तो कळशीसारखा पोटाशी धरला. आवाज थरथरत निघाला, मी तिचं बटण वाढवलं, तसा स्पीकर किंचाळला. पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. लोकांनी कान झाकले. माझ्या अंगठ्याने विचार केला नाही. दोन नंबरचं बटण शून्यावर गेलं आणि आत्याची ओवी मी माझ्या माइकमध्ये म्हणून टाकली. कुणाला काही कळलं नाही. टाळ्यासुद्धा पडल्या.

परतताना आत्या टेम्पोत माझ्याशेजारी बसली. बिरवाडीचा फाटा गेल्यावर म्हणाली, "आज तर सायेब पण नव्हता. मग कोणासाठी बंद केलंस?"

मी म्हटलं, "आत्ये, शिट्टी मारत होता माइक. बाळ रडायला लागलं."

"मी तुझ्या अंगठ्याकडं बघत होते," ती म्हणाली. "तो साउंडवाला पण असंच करतो. तो निदान परका हाय."

मला इतकी लाज वाटली की पुढचा रस्ताभर मी खिडकीबाहेर बघत राहिले. जिने माझ्यासाठी गाडी चुकवली, तिचा आवाज मी एका अंगठ्याने बंद केला होता. वर तिचीच ओवी माझ्या गोड गळ्यातून म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. टेम्पोतून उतरताना आत्या म्हणाली, "आता मी नाय गाणार. तुमचं तुम्ही म्हणा. माझा आवाज बाद झाला."

मी हट्टी आहे, हे माझ्या सासरी सगळे जाणतात. तो हट्ट मुळात आत्याचाच आहे, हे फक्त वाडीला ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्पीकर उचलून वाडीत नेला आणि आत्याच्या ओटीवर ठेवला. ती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी माइक सुरू केला आणि मुद्दाम तिची ओवी चुकवून म्हटली, झऱ्याच्या जागी विहीर घालून. आतून सूप आपटल्याचा आवाज आला. "विहीर कुठली घातलीस? विहीर तेव्हा आपल्यासाठी होती काय?" म्हणत ती बाहेर आली. मी माइक पुढे केला.

त्यानंतर महिनाभर रोज सकाळी आम्ही बसलो. माइक पोटाशी नाही, हनुवटीशी धरायचा, हे तिच्या हाताला बसायला आठवडा गेला. माझ्या हाताला मात्र बरंच काही बसायचं होतं. तिचा आवाज थरथरतो, तो थरथरू द्यायचा. स्पीकरमधला घुमारा, म्हणजे इको, अजिबात लावायचा नाही. ओवी सुरू करण्याआधी ती नाकाने एक लांब श्वास घेते. तो ऐकू आला की माझ्या माइकचं बटण शून्यावर न्यायचं आणि तिचं वर. कुठपर्यंत वर? स्पीकर किंचाळतो त्याच्या केसभर अलीकडे. ती जागा आम्ही पुन्हा पुन्हा शोधली आणि अंगणवाडीताईने आपल्या नेलपॉलिशने तिथे लाल ठिपका ठेवला.

आत्याला ठिपक्याचं फार कौतुक. "म्हंजे हा माझा?"

"हा तुझा. बिनठिपक्याचं माझं."

"आणि माझं मीच फिरवलं तर?"

"तर तुझं तूच वाढवलंस. त्यात काय?"

तिने डबी हातात घेऊन ते बटण फिरवून पाहिलं. मग मला म्हणाली, "एकदाच. त्याच गावात. मग माझ्या मागं लागायचं नाय."

यंदा त्याच गावाने पुन्हा बोलावलं. निरोप नेहमीचाच होता, साहेब येईपर्यंत म्हणा. मी सांगितलं, येतो, आणि आमचा स्पीकर आम्हीच आणतो. समितीला आनंदच झाला, त्यांचा साउंडचा खर्च वाचला. पटांगणात पोचल्यावर मी स्पीकर पुढे लावला, वायर सतरंजीच्या कडेने मागे आणली आणि डबी पदराखाली घेतली. स्पीकरचं तोंड ओढ्याकडे, कड्याकडे. बायका त्या वेळच्याच, जागाही जवळजवळ त्याच. आत्याने नवं लुगडं नेसलं होतं.

आम्ही इतर गाणी म्हटलीच नाहीत. थेट पाण्याचं धरलं. तिसऱ्या कडव्याला वळणावर गाडी दिसली. समितीवाल्याने हात वर केला. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. त्याला वाटलं मला समजलं नाही. त्याने पुन्हा हात वर केला. मी पुन्हा मान हलवली आणि चौथं कडवं सुरू केलं.

तो तरातरा स्पीकरपाशी गेला आणि त्यावरचं मोठं बटण त्याने डावीकडे पिळलं. आवाज तसाच. त्याने दुसरं पिळलं, तिसरं पिळलं. सगळी शून्यावर आणली. आमचं गाणं आपलं चालूच. तो वाकून स्पीकरच्या पाठीमागे बघायला लागला तेव्हा मात्र माझी नजर पिनेवर खिळली. त्याने पिन उपटली असती तर ताबा स्पीकरवरच्या बटणांकडे गेला असता आणि ती त्याने आधीच शून्यावर आणून ठेवली होती. पण पिनेऐवजी त्याला वायर दिसली. ती कुठे जाते हे बघायला तो वायर हातात धरून सतरंजीच्या कडेने आमच्याकडे यायला लागला. आमच्यातल्या थोरल्या जावेने गाता गाता ते पाहिलं. ती शांतपणे वायरीवर बसली. मग धाकटीही बसली. त्याने वायर ओढून पाहिली, पण दोन धिप्पाड बायकांच्या खालून वायर काढायची म्हणजे आधी त्यांना उठा म्हणावं लागतं, आणि त्याला ते सुचेना. तिकडे साहेब गाडीतून उतरून कमानीखाली उभे होते. त्यांना खुर्ची द्यायचं ज्याचं काम होतं, तोच माणूस इथे वायर धरून ओणवा उभा होता.

चौथं कडवं संपलं. आम्ही थांबलो. आत्याने माइक हनुवटीशी आणला आणि तो लांब श्वास मला ऐकू आला. मी माझं बटण शून्यावर नेलं, तिचं ठिपक्यापर्यंत.

"डोईवरी हंडा माझ्या, वाट लांबच्या झऱ्याची..."

थरथरता, खरखरीत, म्हातारा आवाज. पटांगणभर गेला. ओळ संपवून ती दम घ्यायला थांबली, आणि तेवढ्या वेळात ओढ्यापलीकडच्या कड्यावरून त्या ओळीचा शेवट परत आला, बारीक होऊन, पण शब्द न् शब्द स्पष्ट. "...लांबच्या झऱ्याची."

आत्याने डोळे उघडले. दुसरी ओळ म्हणायची सोडून ती कड्याकडे बघायला लागली आणि माइकमध्येच म्हणाली, "कोण गाते गो ती?"

माझा अंगठा ठिपक्याच्या बटणावरच होता. गाणं तुटलं होतं, साहेब बघत होते, आणि अंगठ्याला जुनी सवय आठवली. मी तो उचलून बाजूला धरला.

समोरची एक बाई ओरडली, "तूच गो आत्ये! तूच गातेस!"

"मी?" आत्याचा प्रश्न स्पीकरमधून सगळ्या गावाला ऐकू गेला, कड्यालाही. "माझा असा हाय आवाज?"

पटांगण हसलं.  आत्या माझ्याकडे वळली आणि तिने हात पुढे केला. मला वाटलं तिला आधार पाहिजे. तिला डबी पाहिजे होती. मी ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने ठिपका नखाने चाचपून पाहिला, तिथे बटण आहे याची खात्री केली आणि ओवी पुन्हा पहिल्यापासून धरली. पहिली ओळ म्हणून ती थांबली, कड्याने म्हणून होईपर्यंत. मग दुसरी.

"लेक माझी वाचिते गो, पाटी महाडच्या गाडीची..."

दुसरी ओळ परत येत होती तेव्हा माझ्याने राहवलं नाही. तिच्यामागून मीही म्हणायला लागले, माझ्या माइकमध्ये, मोठ्याने, रडत. शेजारी बसलेल्या थोरल्या जावेपलीकडे कुणालाही माझा आवाज ऐकू गेला नाही. बिनठिपक्याचं बटण अजून शून्यावरच होतं, आणि आत्याने ते तिथेच राहू दिलं.